पहिली मोटरसायकल निवडताना: चालण्याच्या वेगात गाडी कशी वागते ते आधी बघा

हाफक्लच (धागालेखक)

पहिली मोटरसायकल घेणाऱ्याचा पहिला प्रश्न हमखास "किती सीसीची घेऊ?" हा असतो. त्यामागोमाग मायलेज आणि टॉप स्पीड येतात. हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण नवख्याची गाडी ज्या वेगाला पडते त्या वेगाशी त्यांचा फारसा संबंध नाही. शिकाऊ हातातली गाडी बहुतेक वेळा ताशी ० ते १० किमीच्या दरम्यान आडवी होते: यू टर्न घेताना, चढावर थांबून निघताना, पार्किंगमधून मागे ढकलताना, सिग्नलला उतरत्या बाजूला पाय टेकायला जाताना. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. गाडी माणसाच्या चालण्याच्या वेगात तुमच्या ताब्यात राहते का, यावर पहिली गाडी ठरवा. बाकी सगळं त्यानंतर.

वजनापासून सुरुवात करू. कंपनीच्या माहितीपत्रकात वजन कुठलं दिलंय ते वाचा. 'कर्ब वेट' म्हणजे तेल, बॅटरी, पेट्रोल सगळं धरून. 'ड्राय वेट' म्हणजे यातलं काही न धरता. १२ लिटर पेट्रोलचंच जवळपास ९ किलो होतं, आणि ते टाकीत म्हणजे वरच्या बाजूला असतं. ढोबळमानाने ११० ते १२५ सीसीच्या साध्या गाड्या ११० ते १२५ किलोच्या, १५०-१६० सीसीच्या १४० ते १५०, आणि जुन्या वळणाच्या ३५० सीसी गाड्या १८० ते १९५ किलोच्या असतात.

सरळ उभ्या गाडीचं वजन हाताला लागतच नाही. ते लागतं गाडी कलल्यावर. समजा गाडी १८० किलोची आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आहे आणि तुम्ही तिला एक मीटर उंचीवर, म्हणजे हँडलपाशी धरलंय. ५ अंश कलली तर साधारण साडेआठ किलोचा जोर लागतो, १० अंशांना १७ आणि २० अंशांना ३४ किलोचा. हाच हिशोब १३० किलोच्या गाडीला अनुक्रमे ६, १२ आणि २४ किलो असा येतो. म्हणजे जड गाडी एका ठरावीक कलापर्यंत सहज सावरते आणि त्यापुढे अचानक हाताबाहेर जाते. नवख्याला तो कल कुठे आहे हे माहीत नसतं, तोच धोका.

दुसरी गोष्ट हँडल किती वळतं ती. साध्या सरळ बसायच्या गाडीचं हँडल दोन्ही बाजूंना भरपूर वळतं. पुढे झुकून बसायच्या, फेअरिंगवाल्या (पुढे-बाजूला प्लास्टिकचं आवरण असलेल्या) गाडीत मूठ टाकीला लागू नये म्हणून हँडल वळायची हद्द लवकर येते, त्यामुळे त्याच रस्त्यात यू टर्न बसत नाही. वर शरीराचा भार मनगटांवर येतो आणि भार असलेल्या हाताने क्लच-रेस नाजूकपणे वापरणं अवघड जातं. फेअरिंग पहिल्याच पडण्यात तडकते हा आणखी एक तोटा. पहिल्या वर्षासाठी उघडी, सरळ हँडलची गाडी बरी.

प्रश्न विचारा. जाणकारांनी भर घालावी.

---

पाऊलवाट

चांगला धागा. माझी उंची १६२ सेंटिमीटर. सायकल चालते, गिअरची गाडी कधी चालवलेली नाही. मनात ३५० सीसीची एक गाडी आहे: सीट ८०० मिमी, वजन १९० किलो. दुकानात बसून पाहिलं तर दोन्ही पायांची फक्त बोटं टेकतात. "शॉकअप खाली करून देतो" असं सांगितलं गेलं. करून घ्यावं का?

---

ट्रेलआणिरेक

पाऊलवाट, उंची सांगून सीटचा अंदाज येत नाही. पायाची आतली लांबी मोजा. जे बूट घालून गाडी चालवणार तेच घाला, भिंतीला पाठ लावून उभे राहा, एक जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये घट्ट वर सरकवा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर घ्या. हा आकडा सीटच्या उंचीइतका किंवा थोडा जास्त आला तर सहसा काम होतं. सीटची उंची रिकाम्या गाडीवर मोजलेली असते, तुम्ही बसल्यावर सस्पेन्शन २५ ते ३५ मिमी दबतं. उलट सीट पुढून रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि तेवढीच उंची पुन्हा वाया जाते. म्हणूनच ८०० मिमीची अरुंद सीट कधीकधी ७८० मिमीच्या रुंद सीटपेक्षा सोयीची पडते.

दोन्ही टाचा टेकायलाच हव्यात असं नाही. दोन्ही पायांचे चवडे पक्के टेकले, किंवा किंचित सरकून डावा पाय पूर्ण टेकला आणि उजवा मागच्या ब्रेकवर राहिला, तरी पुरेसं आहे. नुसती बोटं टेकत असतील तर १९० किलोची गाडी पहिली म्हणून घेऊ नका.

आता शॉकअपचं. फक्त मागची बाजू खाली केली की पुढच्या फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचा) कोन अधिक तिरपा होतो, ट्रेल (हँडलच्या अक्षाची रेषा जमिनीला टेकते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) वाढतो आणि गाडी वळायला आळशी होते. हेडलाइट वर बघू लागतो. साइड स्टँड तेवढाच राहिल्याने गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि हलक्या धक्क्याने उजवीकडे पडते. ग्राउंड क्लिअरन्स कमी झाल्यावर गतिरोधकावर सायलेन्सर किंवा इंजिनखालचा भाग घासतो. पुढचं-मागचं सारख्या प्रमाणात उतरवून, साइड स्टँड कापून वेल्ड करून हे नीट करता येतं, पण नवख्याच्या गाडीवर एवढी कारागिरी कशाला?

आधी स्वस्तातलं आणि परत फिरवता येणारं बघा. सीटचा फोम पुढच्या अरुंद भागात १५ ते २५ मिमी कोरून घ्या, कडा गोल करा. मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) एक-दोन खाचा कमी केला तर आणखी थोडं मिळतं. तेवढ्याने भागत नसेल तर ती गाडी तुमच्या मापाची नाही.

---

फुलरेस

थोडं वेगळं मत. लहान गाडी घेतली की काही महिन्यांत ती अपुरी वाटते, मग विकायची, नवी घ्यायची, दोनदा कागदपत्रं. सरळ ४०० ते ६५० सीसी घ्या आणि हात हलका ठेवा. रेस किती द्यायची हे शेवटी चालवणाऱ्याच्याच हातात असतं ना?

---

हाफक्लच

फुलरेस, दोनदा खरेदीचा मुद्दा रास्त आहे. पण "हात हलका ठेवा" हे ज्याला जमतं तो नवखा राहिलेला नसतो. गाडी खड्ड्यात आदळली की शरीर मागे जातं, मुठीवरचं मनगट खाली वळतं आणि न मागता रेस मिळते. १० पीएसच्या (पीएस म्हणजे इंजिनाच्या ताकदीचं माप, अश्वशक्ती) गाडीत त्याचा परिणाम एक हिसका. ५० पीएसच्या गाडीत पहिल्या गिअरला पुढचं चाक हलकं होतं, घाबरून मूठ आणखी घट्ट पकडली जाते आणि रेस वाढतच जाते. यात हेतूचा प्रश्नच नाही, सवयीचा आहे.

युरोपातल्या परवान्याच्या पायऱ्या याच विचारावर आहेत. ए१ वर्गात १२५ सीसी आणि ११ किलोवॅटची मर्यादा, ए२ मध्ये ३५ किलोवॅट आणि दर किलो वजनामागे ०.२ किलोवॅट. ११ किलोवॅट म्हणजे साधारण १५ पीएस. या पायरीवर शिकलेला माणूस पुढच्या कुठल्याही गाडीवर ते कौशल्य घेऊन जातो.

हेही मान्य करायला हवं की सगळ्यांना १२५ पुरत नाही. उंची १८० च्या वर, वजन ९० किलोच्या पुढे, रोज मागे कोणी बसणार आणि महामार्गावर बराच वेळ जाणार, तर १५० ते २५० किंवा हलकी ३००-३५० सिंगल सिलिंडर विचारात घ्या. तिथेही ताकदीचा सर्वांत मोठा आकडा बाजूला ठेवा आणि टॉर्क (इंजिनाचा ओढा) किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना, मिळतो ते बघा. लांब स्ट्रोकच्या दोन व्हॉल्व्हच्या इंजिनात खालीच, तीन-साडेतीन हजारांच्या आसपास चांगला ओढा असतो. क्लच थोडा लवकर सोडला तरी इंजिन सांभाळून घेतं. जे इंजिन आठ-नऊ हजारांना जागं होतं ते खाली पोकळ वाटतं आणि शिकाऊ हातात सारखं बंद पडतं. चौकात मध्येच बंद पडलेली गाडी हे पडण्याचं मोठं कारण आहे, कारण वळताना इंजिनाचा ओढा अचानक गेला की गाडी आतल्या बाजूला कोसळते.

---

गुणोत्तर

हाफक्लच यांच्या मुद्द्याला आकड्यांची जोड देतो. कुठलीही गाडी चालण्याच्या वेगात किती सोपी आहे ते माहितीपत्रकावरून काढता येतं. प्रायमरी रिडक्शन (इंजिन आणि क्लच यांच्यामधलं गुणोत्तर), पहिल्या गिअरचं गुणोत्तर आणि फायनल रिडक्शन (मागच्या स्प्रॉकेटचे दात भागिले पुढच्याचे) यांचा गुणाकार करा. आयडल आरपीएमला (रेस न देता इंजिन जितकं फिरतं त्या आकड्याला) त्याने भागा, म्हणजे चाकाचे मिनिटाला फेरे मिळाले. त्यांना टायरच्या परिघाने गुणा.

१५०-१६० सीसीच्या गाडीत ३.३५ × २.९ × ३.० अशी गुणोत्तरं धरली तर गुणाकार २९ येतो. १४०० आरपीएमला चाकाचे ४८ फेरे. १३०/७०-१७ टायरचा परीघ सुमारे १.९३ मीटर. म्हणजे क्लच पूर्ण सोडून, रेस न देता गाडी ताशी साडेपाच किमीने रांगते. भरभर चालणाऱ्या माणसाचा हा वेग.

६०० सीसीच्या चार सिलिंडरच्या स्पोर्ट गाडीत १.९५ × २.५८ × २.८ धरा. गुणाकार फक्त १४. १३०० आरपीएमला तीच गाडी ताशी ११ किमीने चालते. त्याहून हळू जायचं तर सतत हाफ क्लच, म्हणजे क्लच अर्धवट सोडून धरणं. नवख्याला जे अजून येत नाही नेमकं तेच ती गाडी प्रत्येक ट्रॅफिक जॅममध्ये मागते, आणि क्लच प्लेट तापतात त्या वेगळ्याच.

टेस्ट राइडला हे करून बघा. सपाट जागा, पहिला गिअर, क्लच हळूहळू पूर्ण सोडा, रेसला हात लावू नका. गाडी न थरथरता, न बंद पडता चालत राहिली पाहिजे. हिसके देत असेल तर आयडल बिघडलाय, चेन फार ढिली आहे किंवा ती गाडीच तशी आहे. तिन्हीतलं काहीही असलं तरी ते विकत घेण्याआधी कळायला हवं.

---

दोनबोटं

ब्रेकबद्दल विचारायचं होतं. एबीएस, सिंगल चॅनल, डबल चॅनल, सीबीएस... यातलं काय बघून घ्यावं? की नवख्याने एबीएसशिवाय शिकावं म्हणजे हात बसतो?

---

हाफक्लच

एबीएसशिवाय हात बसतो हा समज सोडून द्या. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय, मिळत असेल तर घ्या. नवखा अचानक कोणी आडवं आल्यावर पुढचा ब्रेक मुठीत आवळतो, चाक लॉक होतं आणि गाडी क्षणात खाली जाते. एबीएस नेमकं तेवढंच वाचवतं.

सिंगल चॅनल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. मागचं चाक लॉक झालं तर गाडी शेपूट हलवते, पण सरळ रेषेत असाल तर सावरता येते. पुढचं लॉक झालं तर सावरायला वेळच मिळत नाही, म्हणून पुढचं महत्त्वाचं. डबल, म्हणजे दोन्ही चाकांना, मिळालं तर उत्तम. सीबीएसमध्ये मागचा पेडल दाबला की थोडा पुढचाही लागतो. छोट्या गाडीत ते एबीएसच्या खालची, पण उपयोगाची सोय आहे.

आता एबीएस काय करत नाही ते. साधं एबीएस गाडी वळणात कललेली आहे हे ओळखत नाही. वाळू-खडीवर थांबण्याचं अंतर ते कमी करू शकत नाही. आणि अगदी कमी वेगात, ताशी पाचेक किमीच्या खाली, ते काम करणं थांबवतं. म्हणून हँडल वळलेलं असताना, चालण्याच्या वेगात पुढचा ब्रेक लावू नका. गाडी वळलेल्या बाजूला आपटते, आणि इथे एबीएस मदतीला येत नाही. हळू वळताना फक्त मागचा ब्रेक हलका दाबून ठेवा. पूर्ण थांबायचं असेल तर आधी हँडल सरळ, मग पुढचा ब्रेक.

ब्रेक शिकण्याचं महत्त्व आकड्यात सांगायचं तर, ताशी ६० वरून बिचकत, निम्म्या जोराने (०.४ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट) ब्रेक लावला तर गाडी ३५ मीटरवर थांबते. त्याच गाडीवर हळूहळू दाब वाढवत नेऊन ०.७ जी मिळवलं तर २० मीटरवर. कोरड्या रस्त्यावर बऱ्या टायरची कुठलीही साधी गाडी एवढं देते. लक्षात येऊन हात हलेपर्यंत एक सेकंद गेला तर त्यात आणखी १७ मीटर मिळवा.

---

पानापक्कड

पहिली गाडी पडणारच आहे असं धरून वापरलेली घेणं शहाणपणाचं असतं. पण ती बघता आली पाहिजे. मी क्रमाने लिहितो, हाच क्रम ठेवा.

जाण्याआधी "गाडी चालू करून ठेवू नका" असं सांगा. गेल्यावर इंजिनाच्या केसिंगला हात लावा. गरम असेल तर गार इंजिनाची अडचण लपवलेली असू शकते. थंड गाडी सेल्फवर दोन-तीन सेकंदांत सुरू व्हावी. सुरुवातीला सायलेन्सरमधून पांढरी वाफ येऊन थांबली तर ती पाण्याची असते, काळजी नाही. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय: सुरू करताना किंवा रेस सोडल्यावर आला तर व्हॉल्व्ह सील, रेस वाढवताना सतत येत राहिला तर पिस्टन रिंग. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, बऱ्याचदा तुंबलेला एअर फिल्टर.

मग पडलेली गाडी ओळखा. क्लच-ब्रेक लिव्हरची टोकं, हँडलची टोकं, फूटरेस्टची टोकं, सायलेन्सरची बाहेरची बाजू इथे घासल्याच्या खुणा बघा. हलक्या खुणा चालतील, शिकाऊ गाडीला असतातच. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून फ्रेमवरचे स्टॉपर तपासा. एक स्टॉपर चेपलेला किंवा त्यावर वेल्डिंग असेल तर समोरून जोराची धडक बसलेली आहे. अशी गाडी सोडून द्या, कितीही चमकत असली तरी.

सेंटर स्टँडवर लावून कोणाला तरी मागे दाबायला सांगा, पुढचं चाक उचललं की हँडल अगदी हळू एका टोकापासून दुसरीकडे न्या. मध्यभागी खाच लागल्यासारखं अडलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेला. फोर्कचा खालचा भाग धरून पुढे-मागे हलवा, खटखट आली तरी तेच. चाक वर-खाली धरून आडवं हलवा, सैल लागलं तर बेअरिंग. मागचं चाक तसंच हलवल्यावर संपूर्ण स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) हलत असेल तर बुश गेलेत. फोर्कच्या चकचकीत नळीवर बोट फिरवा, तेलाचा थर आला तर सील बदलावं लागेल. नळीवर गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही टिकणार नाही.

चेन मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या बाजूला धरून मागे ओढा. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तर चेन ताणली गेली आहे. दात हुकासारखे एका बाजूला वाकलेले दिसले तर दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन, पूर्ण सेट एकदम बदला. एकटी नवी चेन जुन्या स्प्रॉकेटवर लवकर खराब होते.

टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. '२३२४' म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी बदलायचा हिशोब धरा. रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड राहत नाही. ब्रेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. कडेला नखाला लागेल असा उंचवटा आला असेल तर व्हर्नियरने मोजा.

मल्टिमीटर न्या. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन थोड्या रेसवर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान. चालू इंजिनावरही १२.५ च दिसत असेल तर चार्जिंगमध्ये घोळ आहे, आणि तो स्वस्तात सुटेलच असं नाही.

चालवताना: वरच्या गिअरला कमी वेगात जोरात रेस द्या. इंजिनाचा आवाज चढतोय पण वेग तसा वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. शेवटी कागद. इंजिन आणि चासी नंबर गाडीवर स्वतः वाचून कागदाशी अक्षर-अक्षर जुळवा. घासलेला, पुन्हा कोरलेला नंबर दिसला तर बोलणं तिथेच थांबवा. कर्ज फिटल्याची नोंद आहे का तेही बघा.

---

फुलरेस

उत्तम माहिती. किलोमीटरचा काटा मागे फिरवलाय का ते कसं ओळखायचं?

---

पानापक्कड

काट्यावर कमी किलोमीटर आणि गिअर लिव्हरचं रबर गुळगुळीत, ब्रेक पेडलच्या रेघा गेलेल्या, मुठी झिजलेल्या, सीटचा फोम बसलेला, असं असेल तर काटा खोटा. सर्व्हिसच्या पावत्यांवर प्रत्येक वेळचं रीडिंग असतं, त्या मागा. पावत्या नसतील तर काट्याकडे न बघता गाडीच्या स्थितीवर किंमत ठरवा.

---

डबलडी

गाडीच्या खर्चातच हेल्मेट, जॅकेट, हातमोजे आणि घोट्याच्या वर जाणारे बूट धरा. 'उरले तर घेऊ' म्हटलं की राहून जातं.

हेल्मेट डोक्याच्या मापाचं: कपाळावरून, भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटिमीटरवर टेप फिरवून घेर घ्या. नवं हेल्मेट गालांना घट्ट लागलंच पाहिजे. पट्टा लावून हेल्मेट दोन्ही हातांनी फिरवलं तर गालाची कातडी सोबत हलावी. मागून वर ढकललं तर निघता कामा नये. पंधरा मिनिटं घालून बसा. कपाळावर एकाच ठिकाणी दुखलं तर आकार जुळत नाही, मोठं माप घेऊन ते सुटत नाही. प्रमाणपत्र बघा, युरोपीय असेल तर सध्याचा ईसीई २२.०६. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो, ते बाद. आणि वापरलेलं हेल्मेट घेऊ नका, अगदी फुकट मिळालं तरी.

जॅकेटमध्ये खांदे आणि कोपरांना ईएन १६२१-१ या युरोपीय मानकाचं आर्मर (मार झेलणारे पॅड) हवं, ते झोपलेल्या स्थितीतही जागेवरून सरकू नये.

---

पाऊलवाट

सगळ्यांचे आभार. मोजून पाहिलं. पायाची लांबी ७८ सेंटिमीटर आली, म्हणजे ८०० ची सीट बादच. आता दोन गाड्या समोर आहेत: १२५ सीसी, ७८० मिमी, ११८ किलो. आणि १६० सीसी, ७९० मिमी, १४४ किलो, सिंगल चॅनल एबीएस. पहिलीला सीबीएस आहे. वापर रोजचा शहरातला, कधीतरी महामार्ग. नवी घेणार.

---

ट्रेलआणिरेक

१० मिमीचा फरक सीटच्या आकारात सहज भरून निघतो, त्यावर निर्णय करू नका. दोन्हींवर बूट घालून बसा. मग इंजिन बंद ठेवून, न्यूट्रलमध्ये, सीटवर बसूनच गाडी पायांनी तीन-चार मीटर मागे न्या, थोड्या चढावर. ज्या गाडीवर हे धाप न लागता जमेल ती रोज पार्किंगमधून काढता येईल. नंतर उतरून, डाव्या बाजूने धरून आठच्या आकड्यात ढकला.

१४४ किलोची गाडी या चाचणीत पास झाली तर मी एबीएससाठी तीच घेईन. नाही झाली तर १२५.

---

गुणोत्तर

सहमत. जोडीला क्लच बघा. काही गाड्यांत असिस्ट-स्लिपर क्लच असतो, लिव्हर बराच हलका लागतो. शहरात दिवसाला शेकडो वेळा तो ओढायचा आहे. डाव्या हाताची दोन बोटं लिव्हरवर ठेवून पाच मिनिटं सारखा दाबून-सोडून बघा, मनगटाचं दुखणंही नवख्याला लवकर थकवतं. गिअर पॅटर्नही विचारून घ्या. बहुतेक गाड्यांत पहिला खाली, बाकी वर, आणि न्यूट्रल पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये. काही छोट्या गाड्यांत सगळे गिअर एकाच दिशेला पडतात. शिकवणी ज्या पॅटर्नवर घेणार त्याच पॅटर्नची गाडी असेल तर सुरुवातीचा गोंधळ टळतो.

---

पानापक्कड

नवी घेताय तर ताब्यात घेताना चेनचा सैलपणा आणि टायरचा दाब तिथेच तपासून घ्या. चेनची माहिती आणि दाब स्विंगआर्मवरच्या किंवा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर असतात. चेन खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली केली तर बहुतेक रस्त्यावरच्या गाड्यांत २० ते ३० मिमी हलावी. ताणून बसवलेली चेन मागे कोणी बसल्यावर आणखी ताणते आणि गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जोर येतो.

नवा टायर गुळगुळीत असतो, पहिले दीडशे किमी वळणात फार कलवू नका. पहिले ५०० किमी इंजिनाला एकाच आरपीएमवर तासन्‌तास चालवू नका, चढ-उतार देत राहा, पूर्ण रेस टाळा. पहिली सर्व्हिस ५०० ते १००० किमीच्या दरम्यान, पुस्तकात लिहिलेल्या आकड्यावर. पहिलं तेल बदलताना त्यात धातूचा बारीक कीस येतो, म्हणून ती सर्व्हिस लांबवू नका.

तेल भरताना डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटरसायकलच्या तेलाचं जपानी मानक) असायला हवं. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. कारच्या काही तेलांत घर्षण कमी करणारे पदार्थ असतात, त्याने क्लच घसरू लागतो.

---

हाफक्लच

पाऊलवाट, गाडी आली की पडल्यावर उचलायचं तंत्र रस्त्यावर जाण्याआधीच एकदा करून बघा, कोणाला तरी सोबत घेऊन, जमिनीवर जुनी गादी टाकून.

आधी इंजिन किल स्विचने बंद, मग किल्ली. गाडी उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढा, म्हणजे उचलताना पलीकडे गेली तर स्टँडवर थांबेल. डावीकडे पडली असेल तर स्टँड उचलल्यानंतर. शक्य असेल तर पहिल्या गिअरमध्ये टाका, म्हणजे घरंगळणार नाही. खालच्या बाजूची मूठ टाकीजवळ येईल असं हँडल पूर्ण वळवा. गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला टेकून खाली बसा. एका हाताने ती मूठ, दुसऱ्याने मागचा ग्रॅब रेल किंवा फ्रेमचा पक्का भाग धरा. पाठ सरळ ठेवून पायांनी ढकलत, लहान पावलं मागे टाकत उभे राहा. कंबरेत वाकून हातांनी उपसू नका. फ्युएल इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत पडल्याचा सेन्सर इंजिन तोडतो, किल्ली बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय सेल्फ घेत नाही.

---

पाऊलवाट

दोन्ही गाड्या ढकलून पाहिल्या. १६० सीसीची चढावर मागे नेता आली, ती नक्की केली. एकच अडचण, माझी बोटं लहान आहेत. क्लच पूर्ण सोडला की लिव्हर पहिल्या पेरापाशीच राहतो आणि हाफ क्लच अगदी शेवटी येतो.

---

पानापक्कड

हे ॲडजस्टमेंटने सुटतं. ताबा घेतानाच करून मागा. लिव्हरपाशी क्लच वायरला एक ॲडजस्टर आणि लॉक नट असतो. नट सैल करून ॲडजस्टर आत फिरवला की मोकळी चाल वाढते आणि हाफ क्लच मुठीच्या जवळ येतो. लिव्हरच्या टोकाला मोकळी चाल १० ते २० मिमीच्या आत ठेवा, पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो धरा. मोकळी चाल शून्य केली तर क्लच घसरेल. फार वाढवली तर क्लच पूर्ण सुटणार नाही, न्यूट्रल सापडणार नाही आणि पहिला गिअर टाकताना गाडी पुढे उडी घेईल. ॲडजस्ट केल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून चाल बदलत नाही ना ते बघा. बदलत असेल तर वायर कुठेतरी अडकते.

तेवढ्याने पुरलं नाही तर हँडलवरचा लिव्हरचा क्लॅम्प सैल करून लिव्हर थोडा खाली फिरवा: सीटवर बसून हात मुठीवर ठेवला की मनगट आणि बोटं एका सरळ रेषेत लिव्हरवर पडली पाहिजेत. ब्रेकच्या लिव्हरलाही तेच करा.